कमळबायची कुजबूज

देवेश बिघडला होता, याबद्दल कमळबायला तिळभर शंका नव्हती. दारू पीत असता तर तिनं त्याला चार शिव्या घातल्या असत्या. पत्ते खेळत असता तर पत्ते चुलीत गेले असते. पण नातू त्याहून वाईट मार्गाला लागला होता. तो हळू बोलायला लागला होता!

आता त्या घरात हळू बोलणं म्हणजे काय साधी गोष्ट? कोन गावात, कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून त्यांचं दुमजली घर. पुढून ट्रक, मागून कापड विणायचे लूम. मागच्या भिंतीला भिंत लावून महादूची, म्हणजे कमळबायच्या नवऱ्याची, लूमची शेड. ती खटखट खटखट करत गेली चाळीस वर्षं त्या घराला झोपवत होती आणि उठवत होती. तिथं साधं मीठ मागायचं तर माणूस आधी छातीत हवा भरून घ्यायचा. देवेशच्या बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तर रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावरच्या माणसानं ‘छान आहे’ म्हणून हात हलवला होता.

आणि असल्या घरातला सव्वीस वर्षांचा घोडा मोबाईल कानाला लावून गच्चीच्या कोपऱ्यात जातो आणि नुसते ओठ हलवतो! पाण्यातून काढलेल्या बोय माशासारखं तोंड उघडतंय, मिटतंय. आवाजाचा पत्ता नाही!

“काय रं, घसा बसला का तुजा?” कमळबायनं जिन्यातून हाक मारली.

“न्हाय आजी. काय न्हाय.”

हे सुद्धा हळू!

“आवो, ऐकला का?” ती नवऱ्याकडं वळली. “पोरगा गेला हातातशी! घरात हळू बोलतंय!”

महादूचे कान लूमनं कधीच खाल्ले होते. त्यानं मान हलवली.

कमळबायची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. बाईंनी ‘जरा हळू वाच’ म्हटलं, आणि तिनं दप्तर उचललं ते कायमचं. पण माणूस वाचायला तिला बाई लागत नव्हत्या. माशाचा कल्ला उचलून बघावा तसं ती समोरच्याचं तोंड बघायची, आणि आत काय शिजतंय ते सांगायची. आवाज तर असा, की गावात कुणाच्या हळदीला ती लग्नाचे धवले म्हणायला बसली, की माईकवाला माईक गुंडाळून जेवायला जायचा.

आठवडाभरानं देवेश स्वतःच तिच्या जेवणाच्या ताटाशी येऊन बसला.

“आजी, तुला इश्रांती पायजे.”

“मना? कोन बोलला?”

“भाटवली म्हणून एक बेट हाय. गाडी अलीकडंच ठेवायची, आन तरीतनं, म्हणजे होडीतनं, पलीकडं जायचं. बेटावर गाडी न्हाय, हॉर्न न्हाय, लूम न्हाय. माडाची सावली, समुद्राची हवा, सकाळची मासळी दुपारी ताटात. दोन दिवस राहिलीस तर सगळ्या जन्माची झोप भरून निघंल.”

कमळबाय भाकरीचा तुकडा हातात धरून त्याच्याकडं बघत राहिली. दवाखान्यात ने म्हटलं की ज्याच्या गाडीचं चाक तेवढ्यात पंक्चर होतं, त्या पोराला आज आजीच्या झोपेची काळजी?

“बरा हाय,” ती गोड आवाजात म्हणाली. “जाव की!”

देवेश उठून गेल्याबरोबर तिनं महादूचा गुडघा हलवला.

“बेटावर पोरगी हाय! मना झोपवायला नेत न्हाय तो, पोरगी दाखवायला नेतंय, आन समजतंय का आजीला काय कळत न्हाय. आपन पन काय कळला नाय असाच दाखवायचा. गुपचूप जायचा, गुपचूप पोरगी बघायची, घर बघायचा, आन गुपचूप यायचा. कमळ आली आन बघून गेली, त्या बेटाच्या वाळूला पन कळनार न्हाय!”

महादूनं मान हलवली.

मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन सुनेच्या, हेमालीच्या, कानाला लागून बेत सांगितला आणि बजावलं, “कोनाला बोलायचा न्हाय!” दुसऱ्या दिवशी दारावरची भाजीवाली म्हणाली, “आजी, बेटावरनं सुकट आना. आन पोरगी नाकीडोळी बघा नीट!” कमळबायनं घरात येऊन हेमालीची चांगली हजेरी घेतली. “तुज्या पोटात तीळ म्हनून भिजत न्हाय!” हेमाली बिचारी आईशपथ घेत राहिली. तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

गुपचूप जायचं म्हणून कमळबायनं साधाच वेष केला. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि गळ्यात फक्त चारच माळा. महादूनं मिशीला काळाभोर रंग लावला. देवेशनं गाडी हाकली, आणि दुपारच्या सुमाराला तिघं धक्क्यावर पोचले.

तरीवर केसरीनाथ नावाचा म्हातारा होता. त्यानं हात देऊन कमळबायला होडीत घेतलं, इंजिन सुरू केलं, आणि पलीकडच्या धक्क्याला लागताना बंद केलं.

इंजिन बंद झालं मात्र, कमळबाय दचकली. काहीच नव्हतं! पाणी चुळुकचुळुक करत होतं. लांब कुठंतरी एक कावळा बोलला आणि आपण उगीच बोललो असं वाटून गप्प झाला. बाजाराच्या गल्लीत दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. माडांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पसरलेल्या. तिनं झटकन पदर डोक्यावरून घेतला, तोंड पाडलं, आणि वडाखाली जाळं विणत बसलेल्या माणसाजवळ जाऊन म्हणाली, “लई वाईट झाला, भाऊ. आता धीर धरायचा.”

माणसाच्या हातातली सुई गळून पडली. तो उठला आणि अनवाणीच घराकडं पळाला. घरी त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते.

“आजी, काय केलंस?” देवेशनं कपाळाला हात लावला. “कोणी गेलं न्हाय! दुपार हाय म्हणून लोक झोपलेत!”

“समदा गाव? येकदम? दिवसाढवळ्या?”

“हीच तर मजा हाय इथली.”

“मजा!” कमळबाय म्हणाली. “लाईट गेल्यावर लूम थांबतात तेव्हा अशी मजा येते. आमी तेव्हा बोर्डात फोन लावतो!”

राहायची सोय आक्काकडं होती. स्वच्छ सारवलेलं अंगण, कौलारू घर, पडवीत झोपाळा, आणि पाहुण्यांसाठी बाजूला दोन खोल्या. आक्का उंच, वाळकी, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई. शब्द असा बोलायची जणू भांड्यात तळाशी उरलेला शेवटचा शब्द आहे.

“या,” ती म्हणाली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, “बसा.”

वाढायला तिची नात होती, मृणाली. मागं वर्षभर ती भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या गोदामात ऑफिसला होती, असं देवेश भिंतीवरच्या पालीकडं बघत म्हणाला. तो स्वतःही त्याच गोदामात सुपरवायझर होता, हे मात्र म्हणाला नाही. कमळबायनं घास चावता चावता सगळं टिपून घेतलं. पोरगी आली की देवेशची नजर ताटात जायची. गेली की दारात जायची. आणि एक गोष्ट तर कमळबायनं नेमकी पकडली. पोरीनं तिला कांदा वाढला, महादूला वाढला, आणि देवेशचं ताट सोडून पुढं गेली. पोरगा लहानपणापासून कच्चा कांदा खात नाही हे पाहुण्यांची खोली भाड्यानं देणाऱ्या पोरीला कसं काय ठाऊक?

‘सापडली!’ कमळबाय मनात म्हणाली. निदान तिला तरी वाटलं की मनात म्हणाली. दारातली मांजर मात्र उठून बाहेर गेली.

जेवणं झाली. देवेश ‘जरा वाळूत जाऊन येतो’ म्हणून सटकला. बेट परत झोपलं. झोपाळ्याची कडी थांबली, कोंबड्या सुद्धा केळीखाली डोळे मिटून बसल्या. कमळबायनं खोलीचं दार लावलं, खिडकी लावली, महादूच्या कानाला तोंड लावलं, आणि कुजबुजायला सुरुवात केली.

आता ही कुजबूज कोन गावची. चाळीस वर्षं लूमवर चढून बोललेली, आणि तीही अर्ध्या बहिऱ्या नवऱ्याच्या कानात घालायची!

“पोरगी सोन्यासारखी हाय!”

“हाय,” महादू म्हणाला.

“पन तोंडावर दाखवायचा न्हाय! आपन वरपक्ष हाव. थोडा नाक मुरडायचा, थोडा उसासा टाकायचा. येकदम हो बोललो तर भाव राहत न्हाय. त्या आक्काला बघितला? कशी ताठ! जनू वल्हा गिळून बसली हाय!”

“वल्हा,” महादू म्हणाला.

“कालवन माज्यापेक्षा चांगला झालता. ह्यो तुमी कुठं बोललात तर बघा! आन पाव्हन्याला शेपटीकडची तुकडी वाढतात व्हय कोन? आन ही बेटावरची मानसा! भिजवलेले पोहे नुसते! आवाज न्हाय, करकर न्हाय!”

“खी खी,” महादू हसला.

“हसू नका! आन देवेशचा आकाशपाळन्याचा कोनाला सांगायचा न्हाय.”

“कंचा?”

“आवो, जत्रंत पाळना वर गेला, आन हा शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून ‘आई, मना खाली उतरव’ म्हनून बोंबलला तो! ते इथं कळला तर पोरगी हसंल. आन तुमची मिशी! रंग उतरून उशीला लागलाय! पालथी करा ती उशी, पालथी!”

महादूनं उशी पालथी केली. मग तो बायकोकडं नवल वाटल्यासारखा बघत राहिला.

“कमळ, आज तू येकदाच बोललीस, आन मना समदा ऐकू आला.”

“म्हंजे? घरी ऐकू येत न्हाय?”

“घरी मी मान हलवतो.”

“चाळीस वर्षं?”

“मानेचा व्यायाम होतो. बघ ना, कधी दुखली न्हाय माजी मान.”

कमळबाय भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, या माणसाला कोणत्या कोणत्या वेळी काय काय सांगितलं होतं ते आठवू लागली, आणि आठवता आठवता अशी गाढ झोपली की उठली तेव्हा उन्हं उतरली होती. अंग हलकं झालेलं. डोकं धुतल्यासारखं. हे देवेशला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी दोघं बाजारात फिरायला निघाली. गाव जागं झालं होतं, आणि फारच आगत्यानं वागत होतं.

“आजी,” मासळी विकणारी राहीबाई लांबूनच म्हणाली, “घोळीचं डोकं ठेवलंय तुमच्यासाठी. आत्ताच आक्काकडं पोचवते. शेपटीकडचं नाही हो, डोकं!”

कमळबाय थबकली. पण मासळीवालीच ती, सहज बोलली असेल.

चार पावलांवर चहाचं दुकान. दुकानदारानं बाक पुसला. “बसा. काय देऊ? पोहे आहेत. भिजवलेले.”

बाकावरची माणसं चहाच्या पेल्यात बघून हसू लागली.

केशकर्तनालयाच्या दारातून न्हावी अदबीनं पुढं आला. “काका, मिशीचा पक्का रंग आहे आपल्याकडं. उशीला लागत नाही.”

महादूनं मिशीवर हात ठेवला. तो हात त्यानं नंतर काढलाच नाही. आणि वळणावर पोरं देवेशभोवती फेर धरून ओरडत होती, “दादा, पाळण्यात बसणार का? आम्ही आई आणू का?”

कमळबायच्या डोक्यात वीज चमकली. नातू! तिनं देवेशला धक्क्यावर गाठलं.

“घरभेद्या! समदा फोडलास!”

“काय फोडलं?”

“पोहे! मिशी! पाळना! दाराशी कान लावून उभा होतास ना?”

“आजी, मी पार तिकडं बुरुजाजवळ वाळूत बसलेलो!” देवेश रडकुंडीला आला होता. “पाळण्याचं मी स्वतःहून कशाला सांगीन?”

तेही खरं होतं. कमळबायनं इकडंतिकडं बघितलं. “मग हे घर बाधलेला हाय. न्हायतर कॅमेरा लावलाय!”

“कॅमेरा नाही, वहिनी,” होडी बांधता बांधता केसरीनाथ म्हणाला. म्हातारा आपल्या चपलांकडं बघत होता. “मी पलीकडून रिकामी तर घेऊन येत होतो. पाण्याच्या मध्यावर होतो. आवाज ऐकला, म्हटलं इंजिन बंद करू, नीट कळेल. वल्ह्यापर्यंत ठीक होतं. पाळण्यापाशी मला होडी धरून बसावं लागलं.”

“पान्याच्या मध्यावर?”

“पलीकडच्या धक्क्यावरचा चहावालासुद्धा विचारत होता, पुढं काय झालं म्हणून.”

कमळबायचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, मग तिला तिचा स्वभाव आठवला. “लाज वाटत न्हाय? कोनी नवराबायकोची कुजबूज ऐकतंय? कानात बोटा घालायची!”

“घातली होती,” केसरीनाथ म्हणाला. “तरी आलं.”

कमळबायला हेमालीची आणि भाजीवालीची एकदम आठवण झाली; म्हणजे तिथंही आपलीच कुजबूज! पण त्याहून मोठं संकट पुढं होतं. देवेश धक्क्याच्या पायरीवर बसला, आणि इतक्या खालच्या आवाजात बोलला की तिला वाकून कान लावावा लागला.

“आजी, आक्कांनी अजून हो म्हटलंच नव्हतं. मृणालीला आईबाप न्हाईत, आक्कांचा शब्द तिच्यासाठी शेवटचा. त्या बोलल्या, घरातली मोठी माणसं कशी हायती ते बघून ठरवू. म्हणून तर मी तुम्हाला आणलं.”

कमळबाय सावकाश सरळ झाली. म्हणजे आपण बघायला आलोच नव्हतो. आपल्याला बघायला आणलं होतं! आणि जिनं बघायचं, तिला आपण वल्हं गिळायला लावलं!

“त्या आक्कानं ऐकला का?” तिनं विचारलं.

“आजी, पलीकडच्या चहावाल्यानं ऐकलं!”

त्या संध्याकाळी आक्कानं घोळीच्या कालवणातला सगळ्यात मोठा तुकडा महादूच्या ताटात वाढला आणि आत निघून गेली. मृणाली देवेशकडं बघून ओठ दाबत होती. ते हसू होतं की रडू, हे काही कमळबायला कळलं नाही. माणूस वाचायची तिची विद्या त्या बेटावर चालेना. तिनं खोलीत आल्यावर महादूसमोर दोन्ही हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं, आणि मग हातांनीच सांगितलं: आता परत जाईपर्यंत तोंड बंद. शेडमधली बोली बोलायची.

ही बोली दोघांनाही येत होती. लूम चालू असताना शेडमध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं बोलणं हातांनी. बोट गोल फिरवलं की चहा. कॉलरला हात लावला की कापड न्यायला शेठ आला. दोन मुठी जुळवून फटकन बाजूला केल्या की धागा तुटला, आणि मग हात झटकून लांब बोट दाखवलं की दुसरा आण. महादूचा जन्म त्यात गेला होता. त्याला वाटलं, इतकी वर्षं बायको याच भाषेत बोलली असती तर किती बरं झालं असतं.

सकाळ झाली. आक्का अंगणात तांदूळ निवडत होती. मृणाली घावण्यांचं ताट घेऊन पडवीत येत होती. कुंपणापलीकडं पाच-सहा शेजारणी विनाकारण झाडत होत्या. बेटाला आज काय ऐकायला मिळतंय याची सगळ्यांना ओढ लागली होती. देवेश झोपाळ्याची कडी धरून उभा होता. महादू आंघोळ करून अंगणात आला, सूर्याला नमस्कार करायला हात उंच केले, आणि त्याच क्षणी त्याच्या लेंग्याची नाडी तुटली!

त्यानं दोन्ही कोपरं कमरेला घट्ट दाबून लेंगा जागच्या जागी धरला. तोंड उघडलं. मग बायकोची ताकीद आठवली आणि तोंड मिटलं. कमळबाय ओटीवर बसली होती. तिच्याकडं बघून त्यानं दोन मुठी जुळवल्या, फटकन बाजूला केल्या. तुटली! पुन्हा केल्या. तुटली! चेहरा अगदी गंभीर, घाबरलेला. मग हात झटकला आणि लांब बोट दाखवलं. दुसरी बघ!

कमळबायला सकाळच्या उन्हात नाडी दिसली नाही, पण धागा तुटलाय एवढं कळलं. तिनं मोठ्या समजूतदारपणानं मान हलवली आणि तिनंही बोट लांब दाखवलं. दुसरी आणू!

अंगणात तांदूळ निवडणारे हात थांबले. कुंपणापलीकडच्या झाडण्या थांबल्या. मृणालीनं घावण्यांचं ताट तिथंच जमिनीवर ठेवलं, आत गेली, आणि स्वयंपाकघराचं दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला.

नंतर बेटावर काय झालं ते कमळबायला ऐकू आलं नाही, कारण बेटावरची माणसं खरोखरच कुजबुजत होती. कुंपणावरून बातमी बाजारात, बाजारातून धक्क्यावर. एकेक खिडकी बंद होत गेली. राहीबाई घोळीचं दुसरं डोकं घेऊन येत होती, ती अर्ध्या वाटेतून परत फिरली. केसरीनाथ फाटकापाशी येऊन उभा राहिला, आणि काल ‘वहिनी’ म्हणणारा माणूस आज कुणाचंही नाव न घेता म्हणाला, “तर तयार आहे. जायचं असेल तर.”

देवेश ओटीपाशी आला. पायरीवर बसला.

“आजी, मोडलंत?”

“काय मोडला?”

“लग्न! आजोबांनी दाखवलं, तुटलं. दुसरी बघा! तू म्हणालीस, बघू! सगळ्या बेटानं बघितलं!”

कमळबायनं अंगणात बघितलं. महादू अजून तिथंच, कोपरं दाबून, तुळशीजवळ पुतळ्यासारखा उभा होता. आणि तिला पहिल्यांदाच ती लोंबती नाडी दिसली.

तिनं लगेच लुगड्याचा काष्टा खोचला, ओटीच्या कडेला उभी राहिली, आणि चाळीस वर्षं लूमवर कमावलेली छाती भरून घेतली.

“ऐका रंऽऽऽ! लगीन न्हाय तुटलाऽऽ! नाडी तुटलीऽऽ! ह्यांच्या लेंग्याची नाडीऽऽऽ!”

माडावरचे कावळे उडाले. शेजारच्या पडवीतलं पितळेचं भांडं आपोआप खाली आलं. एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली.

“पोरगी मना पसंत हायऽऽ! कालच हाय! नाक मुरडायचा बोलली व्हती, पन मुरडला न्हाय! मुरडायला नाकच वळंना! आन दुसरी कोन बघायची न्हाय, दुसरी नाडी बघायची हाय! आन आक्का, तुमाला वल्हा बोलली, त्याचा—” इथं कमळबाय अडखळली. माफी हा शब्द तिच्या तोंडातून कधी बाहेर पडलेला नव्हता, त्यामुळं त्याला रस्ता माहीत नव्हता. “त्याचा असा, की वल्हा सरळ आसला म्हनून होडी सरळ जाते, असा मना बोलायचा व्हता! ते राहून गेला!”

पाण्यापलीकडून चहावाल्यानं किटलीवर चमचा वाजवला.

आक्का उठली. मांडीवरचे तांदूळ सुपात झटकले, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात नवी पांढरी नाडी होती, दुसऱ्या हातात नाडी ओवायची पिन होती, आणि तोंडावर हसू. असं हसू की सगळं कोरडं तोंड सुरकुत्यांनी भरून गेलं. नाडी तिनं महादूकडं दिली. मग कमळबायजवळ बसली आणि काहीतरी बोलली.

“काय?” कमळबाय म्हणाली.

आक्का परत बोलली.

“काय?”

“कमळ,” महादू नाडी ओवता ओवता म्हणाला, “त्या बोलतात, ज्या घरातली मानसा पोरीची निंदा करायला खोलीत जातात आन आत जाऊन तिची वाहवाच करतात, त्या घरात पोर द्यायला त्यांना भीती न्हाय.”

“तुमाला ऐकू आला?”

“इथं मना समदा येतो. तुलाच येत न्हाय.”

कमळबायनं त्या बोलण्याकडं साफ दुर्लक्ष केलं. स्वयंपाकघराची कडी निघाली, मृणाली बाहेर आली, आणि घावणे गार झाले म्हणून परत तव्यावर टाकायला गेली. या वेळी देवेशनं भिंतीवरच्या पालीकडं बघितलं नाही.

पण आक्काची एक अट होती, आणि ती महादूनं कमळबायच्या कानात दोनदा सांगितली, तरी तिचा विश्वास बसेना. हळद बेटावरच, याच अंगणात. आणि डीजे नाही!

देवेशचं तोंड उतरलं. कोन गावची हळद आणि डीजे नाही? भावकी काय म्हणेल? काका-मामा नाचणार कशावर? कोनशेजारच्या पूर्णा गावात मागच्या हळदीला आवाजानं गोदामाचा पत्रा निघाला होता, आणि त्याचं कौतुक अजून चालू होतं. इकडं माडाच्या सावलीत पळीपंचपात्र वाजवायचं का?

“सांगते,” एवढंच कमळबाय म्हणाली, आणि तिघं धक्क्यावर निघाली. वडाखाली जाळं विणणारा माणूस बसलेला होता. वडिलांना काही झालं नसल्याचं त्यानं तिला स्वतःहून सांगितलं. निम्मं बेट निरोपाला आलं होतं, आणि आक्का मृणालीचा हात धरून पायरीवर उभी होती. उत्तर हवं होतं. कमळबाय मात्र होडीत बसून सुकटीची पिशवी मांडीवर धरून पाण्याकडं बघत होती.

मध्यावर आल्यावर केसरीनाथनं कुणी सांगितलं नसताना इंजिन बंद केलं. पाणी चुळुकचुळुक करू लागलं. महादू काठीवर हनुवटी टेकून ऐकायला तयार होऊन बसला. देवेशनं आजीच्या जवळ सरकून, त्याच्या त्या बिघडलेल्या, चोरट्या, बेटासारख्या आवाजात विचारलं, “आजी, डीजे नसंल तर चालंल का तुला? हो बोलशील का?”

कमळबायनं बेटाकडं तोंड केलं, म्हणजे दोनदा सांगायला नको.

“देवेश! तुजा हळू बोलना मना आजून पन पसंत न्हाय. पन पोरगी पसंत, आक्का पसंत, बेट पसंत! आन डीजेचा काय घेऊन रडतंस येड्या? हळदीला डीजे कशाला पायजे? मी हाय ना!”